खरी बैठक जिन्यात का भरते?

प्रश्न : आमची सोलापुरात विजापूर रोडला 32 सदनिकांची सोसायटी आहे. यंदा मला सचिव केलं. जमिनीखालची पाण्याची टाकी मोठी करायचा ठराव सभेत सर्वानुमते मंजूर झाला. एकानेही हरकत घेतली नाही. सभा संपून लोक जिन्यात आले आणि तिथेच कुजबुज सुरू झाली, ‘मला तर हे पटलंच नव्हतं.’ आता वर्गणी द्यायला निम्मे लोकही तयार नाहीत. माणसं सभेत गप्प बसतात आणि बाहेर बोलतात, असं का? आणि सभा चालवणं शिकता येतं, की ती कला उपजतच असावी लागते?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन कोडी आहेत, आणि पहिलं सुटलं की दुसरं निम्मं सुटतं. सभेत ‘हो’ म्हणणारी माणसं जिन्यात ‘नाही’ कशी म्हणतात? आपण चटकन म्हणतो, लोक दुटप्पी आहेत. माझं मत तसं नाही. तीच माणसं दोन्ही जागी प्रामाणिकच असतात. फरक आहे तो त्यांना विचारल्या गेलेल्या प्रश्नात, आणि त्याचं उत्तर द्यायला किती किंमत पडते यात.

सभेत काय घडतं ते आठवून बघा. अध्यक्ष विषय मांडतात, टाकी मोठी करणं किती गरजेचं आहे ते सांगतात, कंत्राटदाराचा दर वाचून दाखवतात आणि शेवटी विचारतात, ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ या प्रश्नाला एकच सोपं उत्तर आहे, ते म्हणजे गप्प बसणं. ज्याला ‘नाही’ म्हणायचं आहे त्याला वयाने मोठ्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर विरोध करावा लागतो, घरी जायला निघालेल्या तीसेक माणसांना थांबवावं लागतं आणि मनातली अर्धवट शंका लगेच मुद्देसूद मांडावी लागते. जिन्यात यातलं काहीच करावं लागत नाही. समोर एकच शेजारी असतो, तोही बहुधा त्याच विचाराचा. म्हणून शंका तिथे बाहेर पडते. इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून झालेलं असतं.

याची परीक्षा शास्त्रज्ञांनीही घेतली आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेत काही प्रयोग केले. समोरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, इतकाच प्रश्न होता आणि उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. पण गटातल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलं होतं. ते एकापाठोपाठ एक तेच चुकीचं उत्तर देत. शेवटी ज्याची पाळी येई तो बिचारा साधारण तीनातल्या एका खेपेला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता गटाचंच उत्तर देई. रेघेच्या लांबीत ना कोणाचा पैसा गुंतला होता ना शेजारधर्म, तरी हे घडलं. तुमच्या टाकीत तर दोन्ही गुंतले आहेत.

त्याच प्रयोगातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत. गटातल्या एकाने जरी वेगळं उत्तर दिलं, तरी त्या माणसाचं दबणं झपाट्याने कमी झालं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तेव्हाही तो आपल्या डोळ्यांना दिसतं तेच बहुतेक वेळा लिहू लागला. म्हणजे माणसाचं मत तिथे होतंच, ते बाहेर यायला वाट नव्हती. सभा चालवणाऱ्याचं मुख्य काम ही वाट करून देण्याचं आहे.

त्यासाठी पहिला बदल असा, की ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने आपलं मत शेवटी सांगावं. अध्यक्षांनी सुरुवातीलाच कल दाखवला की पुढचं प्रत्येक बोलणं एक तर त्यांच्या बाजूचं होतं, नाही तर त्यांच्या विरोधातलं. टाकी बाजूलाच राहते. शक्य असेल तर त्या विषयापुरती चर्चा चालवायला अशा सभासदाला बसवा ज्याचं त्यात फारसं काही अडलेलं नाही. अध्यक्ष अध्यक्षच राहतात, ठराव त्यांच्याच सहीने होतो. चर्चेची दोरी फक्त तासभर दुसऱ्याच्या हातात द्यायची. अध्यक्षांना हे आधी घरी जाऊन, नीट समजावून सांगा. सभेत अचानक सुचवलंत तर त्यांना तो अपमान वाटेल, आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

दुसरा बदल प्रश्नातच करायचा. ‘मान्य आहे ना?’ ऐवजी ‘यात कोणती अडचण येईल असं वाटतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नात अडचण सांगणारा विरोधक ठरतो, दुसऱ्यात तोच मदत करणारा ठरतो. आणि विचारून झाल्यावर थांबा. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांमधल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, असं तिला दिसलं. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. सभेत शांतता पसरली की आपण अस्वस्थ होतो आणि ‘चला, कोणाचं काही नाही, पुढचा विषय’ म्हणून मोकळे होतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. पहिला माणूस बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला घसा खाकरतो.

आता सोलापूरची म्हणून जी खास गोष्ट आहे तिच्याकडे येतो, कारण इथल्या सभांमधलं निम्मं मौन मला तिच्यामुळे आलेलं वाटतं. आपल्या शहरात एका जिन्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशी चार घरं सहज सापडतात. बाजारात, रिक्षात, कारखान्यात सगळे एकमेकांशी सफाईने मराठी बोलतात. पण सभेची मराठी वेगळी असते. ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘तहकूब’, ‘सिंकिंग फंड’, ‘ऐनवेळचे विषय’ हे शब्द जन्माने मराठी असलेल्यालाही गोंधळवतात. घरी तेलुगू बोलणारी बाई भाजीवाल्याशी मराठीत हुज्जत घालेल, पण चाळीस डोळे रोखलेले असताना त्याच मराठीत आक्षेप नोंदवायला कचरेल. तिला मत नाही असा अर्थ आपण काढतो.

यावर उपाय साधा आहे. विषय मांडून झाला की सांगा, ‘पाच मिनिटं शेजारच्याशी बोला, हव्या त्या भाषेत.’ मग प्रत्येक जोडीतल्या एकाने दोघांचं म्हणणं सांगायचं. सुरुवातीला लोक हसतील, ‘शाळा आहे का?’ असंही कोणी म्हणेल. तरी करा. एक तर जी कुजबुज जिन्यात होणार होती ती सभागृहातच होते. दुसरं म्हणजे ‘आमच्या दोघांचं म्हणणं असं’ या शब्दांत बोलणं ‘माझं म्हणणं असं’पेक्षा कितीतरी सोपं जातं, ॲशच्या प्रयोगातला तो एक जोडीदार इथे प्रत्येकाला आपोआप मिळतो.

सभेला येतं कोण, हेही तपासा. सोसायटीत सभासद म्हणून नाव बहुधा घरच्या पुरुषाचं. पण सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा रात्री-अपरात्री उठून ते भरायचं, पुरवायचं आणि शेवटच्या दिवशी कशाला किती वापरायचं हे ठरवायचं काम बहुतेक घरांत बाईचं. टाकीबद्दल जिला सर्वात जास्त माहिती, तीच सभेत नाही. ही अडचण आपल्या कायद्यानेही ओळखलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे, ती याचसाठी, की एकत्र सभेत बायकांचा आवाज दबतो. आधी आपापसात बोलून झालं की मुद्दा घेऊन पुढे यायला बळ येतं. सोसायटीला असं बंधन नाही, पण एक संध्याकाळ गच्चीवर फक्त बायकांना बोलवायला कोणाची हरकत असणार? आणि सभेची तारीख ठरवताना पाणी येण्याचा दिवस तेवढा टाळा. त्या दिवशी निम्मं लक्ष नळाकडे असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं, नियम काटेकोर पाळले की सभा चांगली झाली. नियम हवेतच. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. आदर्श उपविधींप्रमाणे तिची सूचना 14 दिवस आधी द्यायची असते, आणि गणपूर्तीसाठी दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हजर लागतात. तुमच्या 32 जणांत ती संख्या 20 होते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि सूचनेत तसं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने ती पुन्हा भरवता येते; तेव्हा कोरमची अट राहत नाही. या वाटेने सात-आठ जणांत मोठमोठे खर्च मंजूर झालेल्या सोसायट्या तुम्हीही पाहिल्या असतील. ठराव कायदेशीर असतो. पण जो तिथे नव्हता, किंवा असून बोलला नाही, त्याच्या खिशातून वर्गणी तो ठराव सहजासहजी काढू शकत नाही.

याच नियमांवर काकासाहेब गाडगीळांनी ‘सभाशास्त्र’ नावाचं पुस्तक लिहिलं आहे. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याचं सभेच्या नियमांचं पुस्तक 1876 मध्ये निघालं, तेही आजवर वापरात आहे. गोंधळ, दांडगाई आणि अध्यक्षांची मनमानी यांपासून सभेला वाचवणं हे अशा नियमांचं काम, आणि ते मोलाचं आहे. तुमच्याकडे मात्र गोंधळ झालेलाच नाही. तुमचा आजार शांततेचा आहे, आणि नियमांच्या पुस्तकात त्याचं औषध कमी मिळतं.

ते औषध मला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात दिसतं. धानोरा तालुक्यातलं हे गाव सामूहिक वनहक्कासाठी देशभर ओळखलं जातं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला. पण त्यामागची सभा चालवायची रीत मला अधिक शिकण्यासारखी वाटते. गावाने ‘अभ्यासगट’ आणि ‘ग्रामसभा’ वेगवेगळे ठेवले. अभ्यासगटात माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, मनसोक्त वाद घालायचा. निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. वेळ जातो. पण एकदा ठरलं की गाव ते पाळतं, कारण विरोध सगळा आधीच बोलून झालेला असतो.

तुमच्या सभेत माहिती, चर्चा आणि निर्णय ही तिन्ही कामं एका तासात उरकली गेली. कंत्राटदाराचा दर लोकांनी पहिल्यांदा ऐकला आणि वीस मिनिटांत त्यावर हात वर करायची वेळ आली. ज्याला घरी जाऊन हिशेब मांडायचा होता त्याला सवडच मिळाली नाही. म्हणून विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे एक शब्द लिहा : माहिती, चर्चा की निर्णय. एवढ्यानेही फरक पडतो, कारण कोणत्या विषयावर नुसतं ऐकायचं आणि कशावर मन बनवून यायचं हे माणसाला घरूनच कळतं. खर्चाचा कोणताही मोठा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली येऊ देऊ नका. ज्या विषयाची रीतसर सूचना द्यावी लागते तो अध्यक्षांच्या परवानगीनेही ऐनवेळी घेता येत नाही.

सोसायटीनेही सगळं सर्वसहमतीनेच करावं, असं माझं म्हणणं नाही. जिन्यातले दिवे बदलायला बहुमत पुरे. पण ज्या निर्णयात प्रत्येक घराला स्वतःच्या हाताने काहीतरी द्यायचं आहे, तिथे मोजून काढलेलं बहुमत तोकडं पडतं.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुढच्या खेपेला तुम्हाला हा प्रश्न पडणारच : गप्प बसणारे बोलायला लागतील, जो थांबतच नाही त्याचं काय करायचं? तोच मुद्दा चौथ्यांदा सांगणारा माणूस प्रत्येक सभेत असतो. तो त्रास द्यायला येतो असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं : आपलं म्हणणं कोणी टिपून घेतलं की नाही याची त्याला खात्री नसते. भिंतीवर मोठा कागद लावा आणि त्याचा मुद्दा त्याच्याच शब्दांत, सगळ्यांना दिसेल असा लिहा. मग विचारा, ‘हेच म्हणायचंय ना?’ त्याने हो म्हटलं की पुढच्या वेळी त्या कागदाकडे बोट दाखवलं तरी भागतं. विषयाबाहेरचे प्रश्न, पार्किंगचे, कुत्र्यांचे, दुसऱ्या कागदावर उतरवा आणि पुढच्या विषयपत्रिकेत खरोखर घ्या. घेतले नाहीत तर ही युक्ती एकदाच चालेल.

आता दुसरं कोडं : हे शिकता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या आपल्या जवळच्या जिल्ह्यांत हजारो गावकऱ्यांना आपापली घरं दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची होती. सरकारी मदतीचे हप्ते, भूकंपात टिकेल असं बांधकाम, कागदपत्रं, सगळंच नवीन. गावाला हे समजावून द्यायचं आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत न्यायचं काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांकडे आलं. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. त्या आल्या होत्या गावच्या महिला मंडळांतून. भाषण करणाऱ्या पुढारी म्हणून त्यांची निवड झालेली नव्हती. गावात बैठका घेत, एकमेकींच्या गावांत जाऊन बघत त्या शिकल्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी गुजरातमध्ये जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

बचत गटांतही हेच दिसतं. नाबार्डने 1992 मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून महाराष्ट्रात लाखो बायका गटाची बैठक चालवायला शिकल्या आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या ‘सहयोगिनी’ गट बांधताना पाच गोष्टींचा धडा देतात : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि लिहून पूर्ण ठेवलेली वही. त्याला पंचसूत्री म्हणतात. यात वक्तृत्व कुठेच नाही. बायका गोलात बसतात, म्हणजे कोणी मागे लपत नाही आणि कोणी व्यासपीठावर चढत नाही. कोणाला कर्ज द्यायचं हे सगळ्यांसमोर ठरतं, कारण पैसा सगळ्यांचा. आणि उठण्याआधी वही मोठ्याने वाचली जाते, त्यामुळे जिला अक्षर येत नाही तिलाही काय लिहिलं गेलं ते कळतं.

सोलापुरात लोक एकत्र येत नाहीत, असंही कोणी तुम्हाला ऐकवेल. पण शहराजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने उभी केलेली दहा हजार घरं आहेत. 2006 मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. गोदूताई परुळेकरांचं नाव असलेली ती वसाहत एकदा बघून या. दिवसभर विड्या वळून संध्याकाळी सभेला बसणाऱ्या बायकांना जे जमलं, त्यासाठी उपजत प्रतिभा लागते असं मला वाटत नाही.

शिकायचंच असेल तर ओळखीच्या एखाद्या बचत गटाची परवानगी घेऊन त्यांच्या बैठकीत कोपऱ्यात बसा. कोण किती बोललं, कोणाचं बोलणं मध्येच तुटलं आणि प्रश्नानंतर किती शांतता राहिली, एवढंच टिपा. मग तेच आपल्या सभेत टिपायला एखाद्या तरुण सभासदाला सांगा आणि नंतर ते वाचा. 32 जणांपैकी सहा जणच बोलले, हे डोळ्यांसमोर आलं की पुढच्या वेळी काय करायचं ते निराळं शिकवावं लागत नाही.

राहिली तुमची टाकी. मंजूर ठरावाच्या जोरावर आता वर्गणीचा तगादा लावू नका. ज्यांनी पैसे दिलेले नाहीत त्यांच्या घरी जा, पण ‘का दिले नाहीत?’ असं विचारू नका. ‘तुमची अडचण काय आहे?’ असं विचारा. माझा अंदाज आहे की तुम्हाला दोन-तीन वेगवेगळी कारणं सापडतील. कोणाला सगळ्यांनी सारखी रक्कम देणं खटकत असेल, कारण त्याच्या घरात दोनच माणसं. कोणाचं घर भाड्याने दिलेलं असेल. कोणाला कंत्राटदाराचा दर जास्त वाटत असेल. ही कारणं, नावं न घालता, एका कागदावर लिहून सूचनाफलकावर लावा. मग ठराव नसलेली, फक्त चर्चेची एक बैठक घ्या, आणि तिच्यानंतर काही दिवसांनी पाच दिवसांची रीतसर सूचना देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. त्या सभेत मत चिठ्ठीवर घ्या. ठराव झाला तर इतिवृत्तात रक्कम, हप्ते, काम बघणाऱ्या तीन सभासदांची नावं आणि तारीख लिहा, आणि कोणी जागेवरून उठायच्या आत ते वाचून दाखवा. वाचताना एखाद्याने हात वर करून ‘हे असं नव्हतं ठरलं’ म्हटलं, तर ते तिथेच दुरुस्त करा.